डाव्या चाकाला लागलेलं तेल

मित्रांनो, गाडी पाहताना तुमची नजर रंगावर जाते, काचांवर जाते, फार तर टायरवर जाते. मला कुणी पाहत नाही. मी चाकाच्या आड असते. लोखंडाची एक गोल चकती, मधोमध भोक, आकाराने तुमच्या ताटलीएवढी. गॅरेजवाले मला डिस्क म्हणतात. चालवणाऱ्याने ब्रेक दाबला की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. मी थांबते, माझ्याबरोबर चाक थांबतं आणि चाकाबरोबर आतली माणसं थांबतात. एवढंच माझं काम. मी आता जुनी झाले आहे, पण तसं म्हणायची मला लाज वाटते. कारण रस्त्यावर मी चालले ते जेमतेम अकरा किलोमीटर. बाकीचं आयुष्य एका पोलीस ठाण्याच्या आवारात, बाभळीखाली, गंज खात चाललं आहे.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर लेथवर चढवलं आणि दोन्ही अंगांनी आरशासारखं गुळगुळीत केलं. माझ्याबरोबर माझी बहीणही घडली. गाडीच्या पुढच्या चाकांना आम्ही दोघी लागतो, एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणून आम्हाला जोडीनेच विकतात. गंजू नये म्हणून आम्हाला तेल चोपडलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, खोक्यात घातलं. यवतमाळच्या एका दुकानात आम्ही जवळजवळ वर्षभर फळीवर पडून होतो. माणसं यायची, बॅटरी न्यायची, हॉर्न न्यायची. आम्हाला कुणी विचारत नव्हतं. मला वाटायचं, आपण घडलो तरी कशाला?

मग दिवाळीनंतर सुनील आला.

सुनील हा उमरखेडकडच्या एका तांड्यावरचा तिशीतला माणूस. चार वर्षं गॅरेजात काम शिकून आता घरची शेती करणारा. त्याने मला खोक्यातून काढलं, माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "याले म्हणतात माल." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. शेवटचीही तीच. परतीच्या एस.टी.त त्याने आमचं खोकं मांडीवर घेतलं आणि उमरखेड येईपर्यंत खाली ठेवलं नाही. माझी बहीण म्हणाली, आपण बऱ्या घरी पडलो. मलाही तसंच वाटलं.

घर खरंच बरं होतं. सुनीलचे वडील धनसिंग, आई लालीबाई आणि बायको संगीता. आईला तो याडी म्हणायचा, वडिलांना बा. अंगणात एक पांढरी जुनी गाडी उभी होती. तिच्या जुन्या डिस्क झिजून पातळ झाल्या होत्या, पॅड तर पत्र्याला लागले होते. ब्रेक मारला की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी गाडी केकाटायची. एरवी सुनीलने आणखी पंधरा दिवस काढले असते. पण धनसिंगच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि उमरखेडच्या दवाखान्यातून फोन आला होता, परवा सकाळी साडेसातला घेऊन या. तांड्यावरून मोठ्या रस्त्याला लागलं की लांब उतार आहे. अशा ब्रेकवर बापाला घेऊन त्या उतारावर जायची सुनीलची छाती झाली नाही. म्हणून तो आदल्या दिवशी पहाटेच यवतमाळ गाठून आम्हाला घेऊन आला.

म्हातारा त्या दिवशी मोठ्या खुशीत होता. बाजेवर बसून बायकोची थट्टा चालली होती. "ऑपरेशन झालं का तुह्या तोंडावरच्या सुरकुत्या दिसन मले. आता तं तू पंचविशीचीच दिसून राह्यली."

"मंग कायले जाता? राहा असेच," लालीबाई म्हणाली. पण नवऱ्याचं धुवट धोतर आणि टोपी संगीताकडून तिने सकाळीच काढून घेतली होती. चार वर्षांपासून म्हाताऱ्याला ताटातली भाकरी चाचपून खावी लागत होती. त्याला दिसावं, एवढं एकच त्या घराला हवं होतं.

दुपारी दोन वाजता सुनीलने काम काढलं. काम कसं करावं ते त्याच्याकडून शिकावं. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, नट आधी जमिनीवरच सैल केले आणि मग जॅक दिला. जॅकच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून खाली लाकडाचा ओंडका सरकवला. मग एका पातेल्यात पेट्रोल घेऊन त्याने आम्हा दोघींना न्हाऊ घातलं. नव्या डिस्कला कारखान्याचं तेल असतं. ते राहिलं तर पॅड धरत नाहीत, घसरतात. सुनीलला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने पांढऱ्या फडक्याने मला पुसलं, फडकं पाहिलं, पुन्हा धुतलं, पुन्हा पुसलं. फडकं पांढरंच निघेपर्यंत त्याने मला सोडलं नाही. त्यानंतर मला उचललं तेसुद्धा फक्त कडेला धरून.

तेवढ्यात लालीबाई हातात वाटी आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. वाटीत जवसाचं तेल होतं.

मित्रांनो, त्या घराची एक रीत होती. नवा विळा येवो, कुऱ्हाड येवो की पहार, तेलाचं बोट आणि कुंकू लागल्याशिवाय ते लोखंड कामाला लावायचं नाही. या लोकांचे वाडवडील एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखोमुलूख हिंडत. पुढे गाड्या आल्या. चाकाचा कोरडा आस म्हणजे वाटेत मोडलेली गाडी, आणि वाटेत मोडलेली गाडी म्हणजे रानात अडकलेली बायकापोरं. तेलाची ही रीत त्यांच्यात उगीच आलेली नाही. लालीबाईच्या सासूने ती पाळली होती, लालीबाई पाळत होती.

"याडी, तिले हात नोको लावू," सुनील म्हणाला.

"काहून? नवं लोखंड हाय. उद्या तुह्या बाले घेऊन जाईन ते."

"आता नोको म्हटलं ना. मंग पाहू."

ती वाटी घेऊन माघारी गेली. सुनील मान खाली घालून कामाला लागला. का नको, ते त्याने सांगितलं नाही. घाई होती, ऊन कलत होतं, हातात पाना होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मला तेव्हापासून रोज ऐकू येतं, न बोललेलं.

उजवं चाक आधी झालं. माझी बहीण बसली, नवे पॅड बसले, चाक चढलं, नट आवळले गेले. मग माझी पाळी आली. मला डावीकडे बसवलं, पॅड लावले, सगळं नीट जमलं. चाक लावायला घेतलं तेव्हा कळलं की चार नटांपैकी एकाचे आटे गेले आहेत. तीन नटांवर बापाला नेणारा सुनील नव्हता. फाट्यावर सेवादासचं टायरचं दुकान आहे, तिथून नट आणायला तो मोटारसायकलवर गेला. संगीता कापूस वेचायला रानात होती. अंगणात म्हातारा-म्हातारी राहिली आणि मी, उघडी.

लालीबाई पुन्हा आली. इकडेतिकडे पाहून माझ्यासमोर उकिडवी बसली. आधी मधोमध, चाक बसतं त्या जागी, तिने कुंकवाचं बोट टेकवलं. मग तेलाचं बोट माझ्या अंगावर ओढलं.

"काय करून राह्यली?" धनसिंगने विचारलं.

"तेल लावतो. पोरानं नोको म्हटलं, पण सुनं लोखंड कसं जुंपाव? तुमी बसणार ना त्याच्यात."

म्हातारा चाचपत आला. माझ्या अंगावरून त्याने आपला खरखरीत तळवा फिरवला. "ठणठणीत कोरडी हाय की! बोटानं काय होते? म्या फिरवतो, तू सोड."

आणि त्याने मला फिरवायला सुरुवात केली. बैलगाडीचं चाक फिरवून वंगण घालतात तसं, सावकाश, मायेने. लालीबाईने वरून तेलाची बारीक धार धरली. तेल माझ्या दोन्ही अंगांवरून ओघळलं, पॅडच्या फटीत गेलं आणि नव्या कोरड्या पॅडनी ते पिऊन टाकलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण लोखंडाला कुठलं तोंड? ते दोघं इतक्या प्रेमाने माझं वाटोळं करत होते की मला त्यांचा रागही करता येईना.

"दुसरीले राह्यलं," लालीबाई हळहळली. उजवं चाक तर बंद झालं होतं. तिने तिकडे जाऊन बाहेरूनच टायरला कुंकू लावलं आणि हात जोडले. दोघींनाही तेल लागलं असतं तर ब्रेक कमी लागला असता, पण गाडी सरळ तरी गेली असती. एकीने धरायचं आणि एकीने सोडायचं, यासारखं वाईट दुसरं काही नाही.

म्हाताऱ्याचं समाधान एवढ्यावर झालं नाही. पोरगा दमला असेल म्हणून त्याने स्वतःच चाक उचललं, अंदाजाने माझ्यावर बसवलं आणि तीन नट हाताने फिरवून घेतले. मी झाकली गेले.

सुनील आला तो चकित झाला. "बा, चाक तू बसवलं?"

"मंग! मोतीबिंदू डोयाले झाला, हाताले नाई."

सुनील हसला. कितीतरी दिवसांनी बापाने काही काम केलं होतं, त्याला बरं वाटलं. चाक काढून आत पाहावं, असं त्याच्या मनात आलं असेल का? मला माहीत नाही. त्याने चौथा नट लावला, चारही जोर लावून आवळले, ब्रेकचं पायडल दाबून दाबून कडक केलं आणि तांड्याच्या वेशीपर्यंत गाडी हळू चालवून आणली. उतरल्यावर क्षणभर थांबला.

"जरा उजवीकडे ओढते," तो स्वतःशीच म्हणाला. "नवे पॅड हायेत. बसतीन दहा-वीस किलोमीटरमंधी."

नवे पॅड बसायला वेळ लागतो, हे खरं आहे. म्हणूनच तर तो फसला. काही न कळणारा माणूस असता तर घाबरून गॅरेजात गेला असता.

सकाळी साडेसहाला निघालो. पुढे सुनील आणि त्याच्या डाव्या हाताला, खिडकीशी, धुवट धोतर नेसलेला धनसिंग. गुडघ्यांत काठी, मांडीवर कागदांची पिशवी. मी त्याच्या पायांच्या अगदी पुढे, हातभर अंतरावर होते. लालीबाई दारात उभी राहून ओरडली, "डोया उघडला का मले फोन करजा!" मोठा रस्ता लागला, उतार सुरू झाला. सुनील मधूनमधून ब्रेकवर हलका पाय ठेवत होता. मी तापत गेले आणि माझ्या अंगावरचं जवसाचं तेल जळू लागलं.

धनसिंगने नाक वर करून वास घेतला. "कोणाच्या घरी एवढ्या सकायी फोडणी देऊन राह्यले?"

सुनील म्हणाला, "रस्त्याच्या कडंच्या घरून येत असन."

हे बाप-लेकाचं शेवटचं बोलणं.

उताराच्या तळाशी फाटा आहे. तिथे पुढची एस.टी. प्रवासी उतरवायला थांबली. सुनील लांब होता, वेगही बेताचा होता. त्याने ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे ओढली. त्याने आणखी जोरात दाबला. मित्रांनो, त्या क्षणासाठी मी जन्माला आले होते. पॅडनी मला धरलं आणि ते माझ्यावरून नुसते घसरत राहिले. उजवीकडे माझ्या बहिणीने आपलं काम चोख केलं, ती जागच्या जागी थांबू लागली. तिने धरलं आणि मी सोडलं. गाडी गर्रकन उजवीकडे वळून रस्त्यावर आडवी झाली. समोरून रिकामी ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर येत होता. तो आला तो डाव्या दारावर.

धनसिंग जागीच गेला. सुनीलच्या कपाळाला सात टाके पडले.

गाडी दोराने ओढून पोलीस ठाण्याच्या आवारात आणून टाकली. चौथ्या दिवशी गाडी तपासणारे साहेब आले. सुनीललाही बोलावलं होतं, त्याचं डोकं भादरलेलं आणि पट्टी बांधलेली. साहेबांनी डावं चाक काढायला लावलं. मी पुन्हा उजेडात आले. अंगभर काळा चिकट थर आणि मधोमध लाल बोट.

साहेबांनी पॅडवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. "हे तेल आहे. पॅडला तेल कसं लागलं?"

सुनील वाकला. त्याने वास घेतला. मग त्याची नजर कुंकवावर गेली आणि तिथेच राहिली. त्याला सगळं कळलं, ते मी पाहिलं. वाटी कळली, करंडा कळला, बापाने चाक बसवलं तेव्हा काय झाकलं गेलं तेही कळलं. मला वाटलं, आता हा सांगणार. सांगितलं असतं तर त्याच्यावरचा निम्मा भार उतरला असता. नवऱ्याला डोळे मिळावेत म्हणून धडपडणाऱ्या एका अडाणी म्हातारीला कुणी फासावर चढवलं नसतं.

"म्याच लावलं, साहेब," सुनील म्हणाला. "तेलाच्या हातानं बसवले. हात धुवाले पाह्यजे होते."

"आणि हे कुंकू?"

"तेबी माह्यंच. नवं सामान होतं."

"दुसऱ्या कुणी हात लावला होता का? आठवून सांग. तुझ्यावर केस होणार आहे."

"नाई साहेब. कोणीच नाई."

साहेबांनी तसं लिहिलं. सुनीलने खाली सही केली. चार वर्षं गॅरेजात ज्याने एक नट सैल सोडला नाही, त्या माणसाने आपल्या हाताला कायमचा बट्टा लावून घेतला. मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं की दोन्ही वेगळं करता येत नाही.

तेरावं झाल्यावर लालीबाई आली. नवऱ्याची काठी आणि दवाखान्याच्या कागदांची पिशवी गाडीतच राहिली होती, ती न्यायला. दंडावरच्या बांगड्या उतरल्या होत्या आणि तिथली कातडी कोवळी, गोरी दिसत होती. सुनीलने वाकलेल्या दारातून काठी ओढून काढली, तिच्या हातात दिली. वळताना तिला मी दिसले. चाक परत लावलेलंच नव्हतं.

ती माझ्याजवळ आली. वाकून तिने त्या लाल ठशावर बोट टेकवलं.

"हे कुंकू माह्यं हाय."

"हो, याडी."

"म्या तेलबी लावलं होतं. तू नटाले गेलता तवा. तुह्या बानं फिरवलं अन् म्या सोडलं." तिचा आवाज खाली गेला. "सुनील, तेच तेल तं नाई ना?"

मी श्वास रोखला असता, असता तर. आवारात एक शिपाई झाडाखाली बसला होता, तोही मान वर करून पाहू लागला.

"नाई याडी," सुनील म्हणाला. अगदी सहज, कामाची गोष्ट सांगावी तसं. "तुह्यं तेल वरच्यावर होतं, ते तं सुकून जाते. माह्या हाताले काळं तेल होतं, ते आतून पॅडले लागलं. त्यानं झालं. साहेबानंबी तसंच लिहून घेतलं."

लालीबाईने त्याच्याकडे पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, अगदी क्षणभर, बुडणाऱ्याच्या हाताला काठ लागावा तशी. आणि मग जे आलं ते मला विसरता येत नाही. तिने हातातली काठी उचलली आणि लेकाच्या खांद्यावर हाणली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा हात उठलाच नाही.

"माह्या माणसाले तुनं मारलं," ती म्हणाली. "मले नोको म्हटलं अन् सोता तेलाचे हात लावले. तुनं मारलं."

"हो, याडी."

ती वळली. आवाराच्या फाटकाशी नाली आहे, तिच्यावरची फरशी फुटलेली आहे. सुनीलने तिला आधार द्यायला हात पुढे केला. तिने तो हात झिडकारला, शिपायाला हाक मारली आणि त्याचा हात धरून नाली ओलांडली.

मित्रांनो, मला तेल लावू नका, हे तुम्हाला आता सांगायला नको. डिस्क कोरडी ठेवा, पॅड कोरडे ठेवा, गाडी एका बाजूला ओढू लागली तर ती बसेल म्हणून पुढे जाऊ नका. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. घरातल्या मोठ्या माणसांना "हात लावू नको" एवढंच म्हणून पाठ फिरवू नका. त्यांना का ते सांगा. त्यांना कळणार नाही असं धरून चालू नका. लालीबाईला सांगितलं असतं तर तिला एका वाक्यात कळलं असतं, आणि तिने तेलाची वाटी देवापुढे ठेवली असती.

गाडी अजून इथेच आहे. निकाल लागेपर्यंत हलवायची नाही, असं म्हणतात. पावसाने कुंकू धुऊन गेलं, मी तांबूस झाले, पॅड मला कायमचे चिकटले. सुनीलची कोर्टात तारीख असते तेव्हा तो तालुक्याहून परतताना इथे डोकावतो. शिपाई आता त्याला ओळखतो. परवा त्याने विचारलं, "आई बोलते का रे आता?"

सुनील म्हणाला, "जेवते दोन टाइम. बस झालं."